हकीकतीवाचून अपील : करीना ते अपील-मेमो

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (१९०८) एक्केचाळिसाव्या आदेशातील पहिला नियम वकिलांच्या रोजच्या वापरातील आहे. भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष मात्र त्याकडे सहसा जात नाही. वरिष्ठ न्यायालयापुढे जावयाचे तर अपील करणाराने काय लिहावे व कसे लिहावे, हे तो नियम सांगतो. हुकूमनाम्याविरुद्धचे आक्षेप थोडक्यात मांडावेत, प्रत्येक आक्षेप वेगळ्या कलमाखाली असावा, कलमांस ओळीने क्रमांक द्यावेत, आणि या सर्वांत युक्तिवाद किंवा हकीकत यांपैकी काहीही असू नये, असा त्याचा आशय आहे. १८८२ च्या संहितेच्या ५४१ व्या कलमातही हीच व्यवस्था होती. म्हणजे किमान एकशे चाळीस वर्षे आपल्या न्यायालयांत अपील करणाऱ्या माणसाला कायदा असे सांगत आला आहे, की तुझी गोष्ट येथे सांगू नकोस.

मराठी न्यायव्यवहाराच्या इतिहासात हा केवढा पालट आहे, याची कल्पना येण्यासाठी मराठेशाहीतील करीना शेजारी ठेवून पाहिला पाहिजे. करीना म्हणजे हकीकतच. आपले पूर्वज गावी कसे आले, पाटीलकी वा कुलकर्ण कोणाकडून कसे मिळाले, मध्यंतरी दुष्काळात परागंदा होऊन वतन कोणाच्या हाती राहिले, परत आल्यावर काय घडले, वडीलपणाचा मान कोणी बळकावला, हे सर्व वादी आपल्या तोंडाने सांगे आणि ते लिहून घेतले जाई. प्रस्तुत लेखात या दोन लेखनप्रकारांची तुलना करावयाची आहे. मात्र जुने ते सजीव व नवे ते निर्जीव, अशी सोपी मांडणी करण्याचा येथे हेतू नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. वरिष्ठ न्यायासनापुढील लेखनाचा आकार, त्या लेखनाच्या खाली कोणते कागद आधीच जमा आहेत, यावरून ठरत असतो. दप्तर नसेल तर हकीकत लांबते. दप्तर असेल तर ती आखडते. ज्याला अपील चांगले लिहावयाचे असेल त्याला हा संबंध उमगला पाहिजे, आणि ज्याला जुने कागद नीट वाचावयाचे असतील त्यालाही.

मराठेशाहीतील न्यायपद्धतीचे विवेचन वि. त्र्यं. गुणे यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी प्रबंधात विस्ताराने केले आहे. येथे लेखनाच्या दृष्टीने आवश्यक तेवढेच सांगतो. वाद उभा राहिला म्हणजे अग्रवादी व पश्चिमवादी या दोघांकडून जामीन घेत, आणि नेमलेल्या सभेचा निवाडा मान्य करू असा राजीनामा लिहवून घेत. (राजीनामा या शब्दाचा मूळ अर्थ संमतीचा कागद एवढाच. आज आपण त्याचा अर्थ नोकरी सोडल्याचा कागद असा करतो, आणि वादांतील 'आपसांत राजीनामा झाला' हा जुना प्रयोग ऐकून विद्यार्थी गोंधळतात.) त्यानंतर दोघांच्या तकरिरी वा करीने होत, पुरशीस म्हणजे उलटसुलट विचारपूस होई, साक्षी होत, आणि प्रमाण सापडले नाही तर क्वचित दिव्यावर गोष्ट जाई. शेवटी गोत व दिवाण यांच्या समक्ष महजर वा निवाडपत्र लिहिले जाई. जिंकणारा हरकी देई, हरणारा गुन्हेगारी भरी आणि आपण खोटे पडलो असे यजितखत लिहून देई.

या यजितखताकडे अपिलाच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. निवाडा अंतिम कशाने होई? वरिष्ठ न्यायासनाच्या मोहरेने नव्हे, तर हरलेल्या माणसाच्या स्वहस्ते दिलेल्या कबुलीने. साहजिकच ज्याला निवाडा मान्य नसे तो ही कबुली देण्याचे टाळी, आणि दुसऱ्या थळी न्याय व्हावा म्हणून हुजुराकडे धाव घेई. एकाच वतनाचा तंटा एका पिढीत एका सभेपुढे, पुढच्या पिढीत दुसऱ्या सभेपुढे, असा चालत राहिल्याचे कागद पुष्कळ आहेत. पण या दुसऱ्या थळी जाण्याला आजच्या अर्थाने अपील म्हणावे का, असा प्रश्न पडतो. मला वाटते, म्हणू नये. दुसरी सभा पहिल्या सभेच्या निवाड्यातील चूक शोधत बसत नसे. ती तंटाच नव्याने ऐके. पुन्हा करीने, पुन्हा साक्षी, पुन्हा पुरशीस.

असे का होई, याचे उत्तर कागद कोठे राहत यात आहे. महजर हा मुख्यतः जिंकणाऱ्याच्या घरचा कागद होता. वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांना असे महजर वाड्यांच्या माळ्यांवर व देव्हाऱ्यांशेजारच्या पेट्यांत सापडले, ते या कारणानेच. हरणाऱ्याच्या हाती काहीच नसे. साक्षीदार काय बोलले याची त्याला उपयोगी पडेल अशी नक्कल त्याच्याजवळ नसे. मग त्याने नव्या सभेपुढे जाऊन काय करावे? आपली सारी गोष्ट, मूळ पुरुषापासून, पुन्हा सांगावी. करीन्याचा पाल्हाळ म्हणून आपण ज्याला नावे ठेवतो, तो स्वभावाचा दोष नव्हे. ज्याच्याजवळ दप्तर नाही त्याला स्मृती हेच दप्तर करावे लागते.

करीन्याची वाक्यरचनाही या कामासाठी घडलेली आहे. 'येऊन', 'राहून', 'करून', 'देऊन' अशा पूर्वकालवाचक धातुसाधितांची साखळी लांबत जाते आणि एका वाक्यात एक पिढी संपते. 'त्यावरी', 'तदनंतरे', 'ऐशियास' ही अव्यये पुढच्या पिढीचे दार उघडतात. या साखळीचा एक गुण असा, की तिच्यातील मधला दुवा काढता येत नाही. सांगणारा घटनाच नव्हे, तर घटनांची परंपरा सिद्ध करीत असतो; आणि परंपरा हेच वतनाचे प्रमाण. अरबीतील 'करीना' या शब्दाचा अर्थ संगती, संबंध, त्यावरून निघणारे अनुमान असा आहे, हे येथे अगदीच गैरलागू नाही.

याच संदर्भात आपल्या न्यायालयीन शब्दसंग्रहाकडे पाहावे. फिर्याद ही मुळात फारसीतील आर्त हाक. तक्रार हा अरबीतील 'पुनरुक्ती'. कैफियत म्हणजे 'कसे' याचा वृत्तान्त. पुरशीस म्हणजे विचारणे. बहुतेक शब्द बोलण्याचे आहेत, सांगण्याचे आहेत. यांतील काही आजही सांगली जिल्ह्यातील कोणत्याही तालुका न्यायालयात रोज उच्चारले जातात. प्रतिवादीचे लेखी उत्तर ही आजही 'कैफियत' आहे, आणि वकिलाने न्यायालयास द्यावयाची छोटी लेखी माहिती ही 'पुरशीस' आहे, जरी तीत आता कोणी कोणाला काही विचारीत नाही. 'अपील' हा शब्द मात्र या कुळातला नाही. तो इंग्रजी अमलाबरोबर आला, आणि त्याच्यासाठी जुना शब्द वापरात आला नाही, यालाही कारण आहे. वस्तूच नवी होती.

ही नवी वस्तू रुजण्यापूर्वीच्या संधिकालातील एक प्रकरण आपल्याच भागातले आहे, आणि ते या विषयाच्या अभ्यासकाने टाळू नये. ५ सप्टेंबर १८३९ रोजी सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांना कंपनी सरकारने पदच्युत केले व पुढे काशीस ठेवले. त्यांच्या वतीने रंगो बापूजी गुप्ते १८४० साली विलायतेस पोहोचले आणि १८५३ पर्यंत तेथे राहून दाद मागत राहिले. मध्यंतरी १८४७ साली प्रतापसिंह काशीस निवर्तले आणि १८४८ साली सातारचे राज्यच खालसा झाले, तरी हे थांबले नाहीत. कंपनीचे डायरेक्टर, कंपनीच्या भागीदारांची सभा, पार्लमेंट, अशा प्रत्येक दारी अर्ज गेले. जोसेफ ह्यूम व जॉर्ज टॉम्सन यांच्यासारखे वक्ते त्यांच्या बाजूने बोलले. यश आले नाही.

रंगो बापूजींच्या निष्ठेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या अपयशाचे एक कारण लेखनप्रकाराच्या बाजूनेही पाहता येते. छत्रपतींना आपली बाजू मांडण्याची पुरी संधी न देता दोषी ठरविले, हा त्यांच्या बाजूचा मुख्य आक्षेप होता. आजच्या भाषेत हा आक्षेप अपिलाचे पहिले व सर्वांत बळकट कारण ठरला असता. मात्र तो ज्यांच्यापुढे मांडावयाचा ते न्यायासन नव्हते. डायरेक्टरांपुढे अपिलाचे नियम नव्हते, मुदत नव्हती, उत्तरवादीने जाब देण्याची सक्ती नव्हती, आणि खालच्या चौकशीचे कागद वरच्याने तपासलेच पाहिजेत असे बंधन नव्हते. तेव्हा सगळे प्रकरण पुन्हा पुन्हा सांगणे एवढेच हाती उरले. विलायतेतील ते अर्ज व ती भाषणे म्हणजे, रूप इंग्रजी असले तरी, एका अर्थी अखेरचे मोठे करीने होत. ज्याला आपण जाचक नियम म्हणतो तो नियम नसणे किती महाग पडते, याचे याहून ठळक उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

नियम इकडे हळूहळू तयार होत होते. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या रेग्युलेशनांनी न्यायालयांची उतरंड व कामाची रीत ठरविली. १८५९ साली दिवाणी व्यवहाराची पहिली संहिता आली. १८६२ साली मुंबईस उच्च न्यायालय स्थापन होऊन जुन्या सदर अदालतीचे काम त्याच्या अपील शाखेकडे गेले. या व्यवस्थेतील मुख्य नवलाई इमारतीत वा पोशाखात नसून दप्तरात होती. खालच्या न्यायालयातील प्रत्येक कागदावर निशाणी क्रमांक पडू लागला, साक्षी लिहून जतन होऊ लागल्या, निकालपत्रात कारणे लिहिणे आवश्यक झाले, आणि पैसे भरून सहीशिक्क्याची नक्कल कोणालाही, हरणाऱ्यालाही, मिळू लागली. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व फार आहे. हरणाऱ्याच्या हाती प्रथमच कागद आला.

म्हणूनच हकीकतीची बंदी. ती आधी सांगून झालेली आहे. दाव्यात आहे, कैफियतीत आहे, साक्षीत आहे. अपिलात ती पुन्हा सांगणे म्हणजे पहिल्या मजल्याचा पाया दुसऱ्या मजल्यावर घालणे. युक्तिवादही मेमोत नको, कारण तो तोंडी वा स्वतंत्र लेखी स्वरूपात पुढे व्हावयाचा आहे. मेमोचे काम एकच : खालचा निकाल नेमका कोठे चुकला याची जागा दाखविणे. याच आदेशाच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे, मेमोत न घेतलेले कारण न्यायालयाच्या परवानगीवाचून पुढे बोलता येत नाही. न्यायालय स्वतः वेगळ्या कारणावर जाऊ शकते, पण तेव्हा ज्याचे नुकसान व्हावयाचे त्याला बोलण्याची पुरी संधी दिली पाहिजे. तिसऱ्या नियमाप्रमाणे मेमो रीतसर नसेल तर तो फेटाळता किंवा दुरुस्तीसाठी परत देता येतो. सत्ताविसाव्या नियमाने नवा पुरावा आणण्याचे दार जवळजवळ बंद करून फक्त काही फटी ठेवल्या आहेत. आणि एकतिसाव्या नियमाने वरच्या न्यायालयावरही तेच बंधन घातले आहे : निर्णयाचे मुद्दे कोणते, त्यांवर निर्णय काय, आणि कारणे काय, हे त्याने लिहिले पाहिजे. मेमोतील कलमे व निकालपत्रातील मुद्दे यांच्यात अशी सरळ नाळ आहे. हे ध्यानात ठेवून जो मेमो लिहितो तो एका अर्थी भावी निकालपत्राचा आराखडाच लिहीत असतो.

भाषेच्या दृष्टीने येथे झालेला सर्वांत मोठा फेरफार कर्त्याचा आहे. करीन्यात कर्ता मी, माझा बाप, माझा आजा. आणि समोर भाऊबंद. अपिलाच्या मेमोत कर्ता खालचे न्यायालय असते. 'अमुक निशाणीचा अर्थ तसा करण्यात खालील न्यायालयाने चूक केली आहे' हे त्याचे मूळ वाक्य. भांडण शेजाऱ्याशी असले तरी तक्रार निकालाशी आहे. नवशिके वकील, आणि कित्येक जुनेही, ही गोष्ट विसरतात व मेमोत भाऊबंदांचा कपटीपणा रंगवीत बसतात. भाऊबंद कपटी असेल. परंतु जिल्हा न्यायाधीशांना निकाल फिरवावयाचा असतो, भाऊबंदाला फिरवावयाचा नसतो. संहितेचे ९९ वे कलम याही पुढे जाऊन सांगते, की गुणदोषांवर परिणाम न करणाऱ्या चुकीसाठी हुकूमनामा फिरविता येत नाही. तेव्हा चूक दाखवून भागत नाही. ती चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागला असता, हेही त्या एका वाक्यात दिसले पाहिजे. इतके ओझे वाहणारे वाक्य मराठीत लिहिणे सोपे नाही.

रचनेचा आणखी एक तपशील. इंग्रजी मेमोतील प्रत्येक कलम परंपरेने एका आश्रित वाक्याच्या अव्ययाने सुरू होते. मुख्य वाक्य वर कोठेतरी एकदाच असते, किंवा नसतेही. हे इंग्रजीचे अनुकरण म्हणून आपले लेखनिक 'की' ने वाक्य सुरू करतात, असे म्हटले जाते. पण आपल्या अर्जांतील 'कारणे अर्ज ऐसाजे' ही सरणी त्याहून कितीतरी जुनी आहे. 'विज्ञापना ऐसीजे' हा पत्रांतील मायना सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथेही एक मुख्य विधान आणि त्याच्या पोटी पुढील सर्व मजकूर अशीच बांधणी आहे. इंग्रजी साचा आपल्याकडे इतक्या लवकर मुरला, त्याचे एक कारण त्याच्यासाठी मराठीत आधीच खाच तयार होती हे असावे.

नियमाचा हा हेतू इतका स्वच्छ असता व्यवहारात काय होते ते एका घरगुती उदाहरणाने सांगतो. माझे आजोळ कवठे महांकाळ तालुक्यात. हा भाग अवर्षणाचा. अग्रणी नदी वर्षाचे पुष्कळ महिने कोरडी असे, आणि म्हैसाळ योजनेचे पाणी येण्यापूर्वी विहीर हेच सर्वस्व होते. जमिनीच्या वाटणीपेक्षा विहिरीच्या पाळीवरून भाऊबंद अधिक भांडत. आमच्या मामांच्या घरी एका कापडी पिशवीत अशाच एका दाव्याचे कागद आहेत. खालच्या न्यायालयात दावा गेला. जिल्हा न्यायालयात अपील झाले. मेमो इंग्रजीत आहे आणि त्यात अकरा कारणे आहेत. खालील न्यायालयाचा निकाल कायद्याला व वस्तुस्थितीला धरून नाही. पुराव्याचे मूल्यमापन योग्य झालेले नाही. न्यायतत्त्वांचे पालन झालेले नाही. अशी पहिली दहा. ही दहा कारणे महाराष्ट्रातील कोणत्याही अपिलाला, पक्षकारांची नावे न बदलताही, लावता येतील. अकरावे कारण मात्र एवढेच सांगते, की निशाणी म्हणून दाखल झालेल्या जुन्या वाटणीपत्रात पाळीचे दिवस स्पष्ट लिहिले असून निकालपत्रात त्या कागदाचा उल्लेखच नाही. अपिलाचा निकाल या एकाच कारणावर लागला आणि मामांच्या बाजूने लागला.

पहिल्या दहांनी नियमाचे शब्द पाळले होते. ती थोडक्यात होती, क्रमांकित होती, त्यांत हकीकत नव्हती, युक्तिवादही नव्हता. पण ती 'वेगळी' नव्हती; एकच रिकामे वाक्य दहा वेळा लिहिले होते. हकीकत वगळा म्हणजे वस्तुस्थितीचा संदर्भही वगळा, असा नियमाचा चुकीचा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. निशाणीचा क्रमांक, साक्षीतील परिच्छेद, निकालपत्रातील पान यांचा निर्देश म्हणजे हकीकत नव्हे. तो दप्तराकडे दाखविलेला हात आहे.

मी सुट्टीत ते अकरावे कारण मराठीत करून मामांना वाचून दाखविले. त्यांनी दोनदा ऐकले आणि विचारले, 'ह्यात आमचं काय म्हणणं हाय ते कुठं हाय?' चाळीस वर्षे ते गावात जी गोष्ट सांगत आले होते, तीत थोरल्या काकांनी रात्री मोट बंद पाडली होती, आजीने भर पंचायतीत पदर पसरला होता, आणि शेवटी सत्याचा जय झाला होता. त्यांतील एक अक्षरही अपिलात नव्हते, आणि नव्हते म्हणूनच बहुधा ते जिंकले. त्यांना हे पटवून देणे मला साधले नाही. करीना लिहून घेतल्यावर तो सांगणाऱ्याला वाचून दाखविता येई व त्याला आपला म्हणून ओळखता येई. मेमो हा ज्याचा आहे त्यालाच अनोळखी असतो. ही हानी खरी आहे, आणि नियमाचे समर्थन करताना ती लपविण्याचे कारण नाही.

इतरत्र याच प्रश्नाची उत्तरे निराळी निघाली आहेत. अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयांत लेखी निवेदन हाच अपिलाचा प्राण असतो, आणि तेथील अठ्ठाविसाव्या नियमाप्रमाणे त्यात प्रकरणाची हकीकत व युक्तिवाद हे दोन्ही असावेच लागतात. मात्र हकीकतीतील प्रत्येक विधानाला दप्तरातील पानाचा आधार द्यावा लागतो, आणि मुख्य निवेदनाला सर्वसाधारणपणे तेरा हजार शब्दांची मर्यादा आहे. आपल्या नियमाने जे दोन शब्द बाहेर काढले तेच तेथे आत घेतले आहेत. कारण उघड आहे : तेथे तोंडी युक्तिवादाला मिनिटे मोजून मिळतात, आपल्याकडे तो दिवसचे दिवस चालू शकतो. जे तोंडाने सांगावयाचे ते कागदावर नको, आणि जे तोंडाने सांगता येणार नाही ते कागदावर हवे, एवढाच हा भेद आहे. दोन्हींकडे बंधन दप्तराचेच.

दप्तराचे हे बंधन वरच्या न्यायाधीशांवरही असते, याचे आपल्या इतिहासातील विख्यात उदाहरण म्हणजे ताई महाराज प्रकरण. बाबा महाराज पंडित १८९७ साली वारले. त्यांच्या विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते. १९०१ साली औरंगाबादेस झालेले दत्तविधान खरे की नंतर कोल्हापुरास झालेले, असा वाद होता. पुण्याच्या न्यायालयाने १९०६ साली टिळकांच्या बाजूने निकाल दिला, मुंबई उच्च न्यायालयाने १९१० साली तो फिरविला, आणि १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द केला. लॉर्ड शॉ यांनी दिलेल्या त्या निकालाचा एक भाग आजही पुरावा कायद्याच्या वर्गात शिकविला जातो. साक्षीदार खोटे बोलला असे ठरवावयाचे असेल, तर ज्या कागदावरून तसे म्हणावयाचे तो उलटतपासणीत त्याच्यापुढे ठेवून खुलाशाची संधी दिली पाहिजे. तसे न करता टिळक व इतर साक्षीदारांवर खोटेपणाचा ठपका ठेवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे. थोडक्यात, दप्तरात जे विचारले गेले नाही त्याच्यावर अपिलात नवी कथा रचता येत नाही. पक्षकाराला हकीकत सांगण्याची मनाई आणि न्यायाधीशाला हकीकत रचण्याची मनाई, ही एकाच तत्त्वाची दोन अंगे आहेत. पहिले जाचक वाटते त्यांनी दुसऱ्याकडे पाहावे.

दुसऱ्या अपिलाची गोष्ट याहून कठीण आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर संहितेच्या १०० व्या कलमाप्रमाणे उच्च न्यायालयात दुसरे अपील केवळ कायद्याच्या सारभूत प्रश्नावर चालते, आणि तो प्रश्न मेमोत नेमकेपणाने मांडावा लागतो. संतोष हजारी विरुद्ध पुरुषोत्तम तिवारी (२००१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा प्रश्न कशाला म्हणावे याची चर्चा केली असून, पहिल्या अपील न्यायालयाने निकाल फिरविताना खालच्या न्यायालयाच्या कारणांना भिडले पाहिजे, असेही बजावले आहे. येथे हकीकतच नव्हे, तर वस्तुस्थितीही जवळजवळ मागे पडते. उरतो एक प्रश्नार्थक मजकूर. आणि त्याच्या शब्दयोजनेवर अपील दाखल होते की नाही हे ठरते.

येथे भाषेच्या अभ्यासकाला खरे काम आहे. कवठे महांकाळच्या न्यायालयातील दप्तर मराठीत. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदामुळे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत. मधल्या टप्प्यावर वाटणीपत्राचे भाषांतर होते. सर चुनीलाल मेहता प्रकरणात (१९६२) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की पक्षांच्या हक्कांचा पाया असलेल्या दस्तऐवजाचा अर्थ लावणे हा कायद्याचा प्रश्न होय. तेव्हा वाटणीपत्रातील एका शब्दावर कायद्याचा प्रश्न उभा राहू शकतो, आणि तो शब्द भाषांतरात हरवला तर प्रश्नही हरवतो. 'वहिवाट' हा शब्द पाहा. ताबा, रूढी, जाण्यायेण्याचा हक्क, प्रत्यक्ष कसणूक, या सर्वांसाठी आपल्या भागातील कागदांत तो येतो. इंग्रजीत यांसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाला वेगळा कायदा लागतो. भाषांतरकार एक निवडतो, बहुधा घाईत. 'पाळी' म्हणजे पाण्याचा वार की विहिरीतील हिस्सा? पहिला अर्थ घेतला तर तो उपभोगाचा क्रम ठरेल, दुसरा घेतला तर मालकी. आमच्या पिशवीतल्या वाटणीपत्रात हे दोन्ही अर्थ एका ओळीच्या अंतराने आलेले आहेत, आणि लिहिणाऱ्याला त्यात काहीच विसंगती वाटलेली नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरास सुरू झाले असून सांगली व साताऱ्यासह सहा जिल्ह्यांची अपिले तेथे जाऊ लागली आहेत. कवठे महांकाळच्या शेतकऱ्याला आता मुंबईची वाट धरावी लागत नाही. अंतर कमी झाले, भाषा तीच राहिली. या भागातील वाटणीपत्रे, खरेदीखते व साक्षी यांचे मराठी पाठ आणि अपिलासाठी झालेली त्यांची इंग्रजी भाषांतरे शेजारी ठेवून 'वहिवाट', 'पाळी', 'सामाईक', 'वडिलार्जित', 'बांध' अशा शब्दांची प्रयोगवार नोंद करणे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन वर्षांत शक्य आहे. सुरुवात वाटणीपत्रांपासून करावी. त्यांचे लेखनिक थोडे, गावे जवळची, आणि सरणी अजून करीन्याच्या वळणाची आहे.